गोंदण की ग्रेन: लग्नाच्या कॅसेटीतून काढलेला एक फोटो

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. सीझनला लग्नं, शाळा सुरू झाल्या की पासपोर्ट, आणि बारा महिने चालणारं काम म्हणजे तेराव्याचे फोटो. माणूस गेलं की घरातलं कुणीतरी चार-पाच दिवसांत दुकानाची पायरी चढतं. हातात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये कुठल्यातरी जत्रेतला पाच जणांचा सेल्फी. त्यातला एक चेहरा कापायचा, मागं निळा रंग टाकायचा, फ्रेम करायची. काम तासाभराचं. हे प्रकरण मात्र आठवडाभर चाललं, म्हणून लिहून ठेवतो आहे. घरच्यांना विचारलं आहे. नावं आणि गाव मुद्दाम वगळलं आहे.

गेल्या पावसाळ्यात दोघे भाऊ आले. आईला जाऊन पाचवा दिवस होता. थोरला शेती बघतो, धाकटा पुण्याला कंपनीत आहे. आईचे मोबाइलमध्ये तीसेक फोटो होते, पण सगळे शेवटच्या दीड वर्षातले. दवाखान्याची कॉट, नाकात नळी, बसलेली गालफडं. थोरला म्हणाला, "ही आई भिंतीला नको दादा. ताईच्या लग्नात होती तशी पाहिजे."

ताईचं लग्न मे २००६ मधलं. अल्बम होता, पण तो ताईच्या सासरी, नदीकाठच्या गावात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालच्या कपाटातलं सगळं गेलं, त्यात अल्बमही गेला. निगेटिव्ह त्याच पिशवीत होत्या. राहिलं होतं ते लग्नाचं व्हिडिओ शूटिंग.

मागणी तीन गोष्टींची होती: भिंतीसाठी १२×१८ इंची फोटो, पेपरातल्या श्रद्धांजलीसाठी छोटा फोटो आणि चौकात लावायला फ्लेक्स. हाताशी आठ दिवस होते.

अडचण

धाकट्यानं आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवून ठेवला होता. टीव्हीवर सीडी लावून, पॉज करून, मोबाइलनं काढलेला. त्यात टीव्हीच्या काचेवर ट्यूबलाइट दिसत होती, चेहऱ्यावर पाण्यावर तरंग उठावेत तशा इंद्रधनुषी रेघा होत्या, आणि व्हॉट्सॲपनं फाइल दाबली होती ती वेगळीच. "ह्याच्यावरून क्लिअर होईल ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा ऐकावा लागतो. उत्तर नाहीच असतं. पण एकदम नाही म्हटलं की माणूस शेजारच्या दुकानात जातो आणि तिथं त्याला हो मिळतं.

म्हणून मी त्यांना पायऱ्या समजावून सांगितल्या. त्या काळात शूटिंगवाला मिनी डीव्ही कॅसेटीवर शूटिंग करायचा. आपल्याकडच्या पाल ह्या टीव्ही पद्धतीत त्या चित्राचा आकार ७२० बाय ५७६ ठिपके. आजच्या मोबाइलच्या हिशोबात तेवढा फोटो अर्धा मेगापिक्सलसुद्धा भरत नाही. मग त्यावर मिक्सिंग व्हायचं, म्हणजे बदामाच्या चौकटी, गुलाबाच्या पाकळ्या, गाणी. मिक्सिंग झालेला माल घरच्यांना डीव्हीडीत किंवा व्हीसीडीत मिळायचा. डीव्हीडीत ठिपके तेवढेच राहतात, पण कॅसेटीवर सेकंदाला २५ मेगाबिट असलेली माहिती तीन तासांचं लग्न एका ४.७ जीबीच्या डीव्हीडीत बसवताना साडेतीनच्या आत येते. व्हीसीडीत तर चित्रच ३५२ बाय २८८ चं होतं, म्हणजे पाव हिस्सा. ह्यांच्या घरात होती ती व्हीसीडी, तीन चकत्यांची. आणि धाकट्यानं पाठवलेला फोटो त्या व्हीसीडीचा, टीव्हीवरून, मोबाइलमधून, व्हॉट्सॲपमधून आलेला. पाचव्या हाताचा माल.

व्हीसीडीत आईचा चेहरा डोक्यावरच्या पदरापासून हनुवटीपर्यंत शंभर ओळींच्या आसपास भरत होता. डोकं-खांदे धरून १२×१८ करायचा तर एका इंचात पंधरा ठिपके. डोळा कुठं संपतो आणि काजळ कुठं सुरू होतं तेही कळणार नाही.

दुसरी अडचण मिक्सिंगची. आई कॅमेऱ्याकडं सरळ बघते असा शॉट व्हीसीडीत एकच होता, आणि त्यावर शूटिंगवाल्यानं हौसेनं गुलाबाची चौकट टाकून वर स्लो मोशन केलं होतं. एक पाकळी बरोबर गालावर. स्लो मोशनमध्ये दोन फ्रेमी एकमेकींत मिसळतात, त्यामुळं डोळ्यांच्या कडा दुहेरी दिसत होत्या.

समोरचे पर्याय

त्या दिवशी काउंटरवरच्या कागदावर मी जे लिहिलं ते साधारण असं होतं.

व्हीसीडीवरूनच काढायचा आणि फोटो छोटा ठेवायचा. खर्च नाही, वेळ नाही, पण पाकळीचं काय करणार?

मिरजेला मामाकडं डीव्हीडी होती. ती आणली तर ठिपके चौपट, पण पाकळी आणि स्लो मोशन तिथंही असणार. डीव्हीडीवरून काढायची वेळ आलीच तर एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथं प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. साधारण अर्ध्या सेकंदाला एक फ्रेम पूर्ण असते, मधल्या फ्रेमी "मागच्यापेक्षा एवढं बदललं" अशा हिशोबानं रचलेल्या असतात. त्यामुळं एकाच शॉटमधली एक फ्रेम रेखीव आणि पुढची दोन ठिपक्या-ठिपक्यांची दिसते. पॉज केलं ती पहिली फ्रेम घेऊन मोकळं होऊ नये, एकेक पुढं सरकवून बघावं.

तिसरा पर्याय मूळ कॅसेट शोधायचा. मिळाली तर पाकळी नाही, स्लो मोशन नाही, आणि डीव्ही कॅसेटीत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण साठवलेली असते. पण वीस वर्षं होत आलेली कॅसेट कोण ठेवतो? आम्ही सगळेच तेव्हा कॅसेटी पुसून परत वापरायचो. मी स्वतः २००८ पर्यंत एकेका कॅसेटीवर तीन-तीन लग्नं केली आहेत. हे त्या दोघांना सांगताना मला बरं वाटलं नाही.

चौथा, धाकट्याचा आग्रहाचा: "एआयनं होतंय की आता सगळं." कोल्हापूरच्या एखाद्या पेंटरकडून पोर्ट्रेट करून घ्यायचं, असंही थोरल्याच्या मनात होतं. आठ दिवसांत ते बसण्यासारखं नव्हतं. वर्षश्राद्धाला करा म्हटलं.

पहिला निर्णय इथं झाला: तीन दिवस कॅसेट शोधायची, नाही मिळाली तर मामाची डीव्हीडी. मुदत आधी ठरवली हे बरं झालं, नाहीतर शोधण्यातच तेरावा उजाडला असता.

काय केलं

कॅसेट आणि कॅमेरा

लग्नाचं शूटिंग ज्यानं केलं होतं तो माणूस आता झेरॉक्सचं दुकान चालवतो. फोन केला तर म्हणाला, "कॅसेटी? पत्र्याच्या पेटीत आहेत माळ्यावर. टाकून द्यायच्यात, घेऊन जा." संध्याकाळी जाऊन पेटी उतरवली. चाळीसच्या वर कॅसेटी होत्या. निम्म्यांच्या पट्टीवर नाव खोडून दुसरं, ते खोडून तिसरं. ताईच्या लग्नाच्या चारपैकी दोन सापडल्या, दोन आणि तीन नंबरच्या. नशीब असं की तीन नंबर पंगतीची होती, आणि गुलाबाच्या पाकळीखालचा शॉट पंगतीतलाच होता.

कॅसेट मिळाली म्हणजे काम झालं असं वाटतं. खरी परीक्षा पुढं असते, कारण चालवणार कशावर? माझ्याकडं सोनीचा पीडी १७० अजून आहे, पण तीन वर्षं हात लावला नव्हता. तो फायरवायरच्या तारेनं जोडावा लागतो, आणि आजच्या लॅपटॉपला ते भोकच नसतं. मागच्या खोलीत विंडोज ७ चा एक जुना डबा फायरवायर कार्डासकट ठेवला आहे. बायको दर दिवाळीला तो भंगारात द्यायला निघते.

कॅसेट सरळ लावली नाही. आधी खिडकीजवळ धरून फीत बघितली. कडेला पांढरट बुरशी असेल तर ती कॅमेऱ्याच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि मग कॅसेटही जाते, कॅमेराही जातो. फीत काळी, स्वच्छ होती. हेड साफ करायची कोरडी कॅसेट दहा सेकंद चालवली. जास्त चालवली तर ती हेड घासते. मग एक टाकाऊ कॅसेट लावून कॅमेरा फीत चावत नाही ना ते बघितलं. शेवटी तीन नंबर लावून, एकदा टोकापर्यंत पुढं आणि परत मागं फिरवून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी चिकटून बसलेले थर सुटे होतात.

इथला दुसरा निर्णय असा: शॉट शोधत कॅसेट पुढं-मागं करायची नाही, एका दमात अख्खी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि शोधाशोध फाइलमध्ये करायची. तासाभराच्या कॅसेटीची फाइल १३ जीबीच्या आसपास होते. आज पेनड्राइव्हमध्ये बसते. जुनी फीत किती वेळा चालेल ते मात्र कुणी सांगू शकत नाही.

पहिल्या फेरीत नेमक्या हव्या त्या जागी चित्राचे चौकोनी तुकडे उडाले. फितीवरचं चुंबकीय चूर्ण एखाद्या जागी झडलं किंवा हेडखाली धूळ आली की डीव्हीत असं होतं. हेड पुन्हा साफ करून दुसरी फेरी घेतली. आता तुकडे दुसरीकडं उडाले आणि आमचा शॉट स्वच्छ आला. दोन्ही फायली ठेवल्या.

पंचाहत्तर फ्रेमी

शॉट तीन सेकंदांचा. विहिणींची पंगत बसली आहे, आई जिलबीचं ताट कमरेशी धरून मागं उभी. कॅमेऱ्यामागून शूटिंगवाल्याचा आवाज येतो, "मावशी, इकडं." ती बघते, थोडं लाजून हसते, आणि कुणीतरी "अगं वाढ की" म्हणतं तशी वळते. तीन सेकंद म्हणजे ७५ फ्रेमी. सगळ्या पीएनजीमध्ये काढल्या. जेपेग मुद्दाम टाळलं, कारण आधीच दाबलेल्या चित्राला परत दाबायचं नव्हतं.

मग एकेक बघत बसलो. वळून येतानाच्या वीस-बावीस फ्रेमींत चेहरा फरफटलेला. हॅलोजन तोंडावर आला तशी ती डोळे बारीक करते, त्यात दहा गेल्या. पापणी एकदा मिटून उघडायला सात-आठ फ्रेमी जातात, असं दोनदा झालं. शेवटी वळताना परत पंधराएक. उरल्या चौदा. त्यातल्या नऊ सलग होत्या, चेहरा जवळजवळ स्थिर, डोळे उघडे, हसू नुकतं सुरू झालेलं.

नऊच का, एकच का नाही? कारण मांडवातला उजेड कमी, कॅमेऱ्यानं चित्र उजळ करायला आपोआप गेन वाढवलेला, त्यामुळं प्रत्येक फ्रेमवर रवाळ ग्रेन पसरलेला. तो ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडतो, चेहरा मात्र तिथंच असतो. नऊ फ्रेमी एकीवर एक नीट जुळवून त्यांची सरासरी काढली की ग्रेन एक तृतीयांशावर येतो. फोटोशॉपमध्ये फ्रेमी थरांत घेऊन ऑटो-अलाइन करायच्या आणि स्मार्ट ऑब्जेक्टच्या स्टॅक मोडमध्ये मीन, म्हणजे सरासरी, निवडायचं. माझ्या माहितीतले बरेच स्टुडिओवाले हे करत नाहीत, सरळ एक फ्रेम उचलून तिच्यावर नॉइझ रिडक्शन चालवतात आणि चेहरा मेणाचा करून टाकतात.

जिलबीच्या ताटानं त्रास दिला. जुन्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे खरं तर दोन अर्धी चित्रं असतात, एक सम ओळींचं, एक विषम ओळींचं, दोन्हींत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. स्थिर वस्तूची दोन्ही अर्धी तंतोतंत जुळतात. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. आईचा चेहरा स्थिर होता, तिथं दोन्ही अर्धी ठेवून पूर्ण ५७६ ओळी मिळाल्या. हात आणि ताट हलत होतं, तिथं एकच अर्धं घेऊन मधल्या ओळी भरून काढल्या. सगळ्या फ्रेमवर एकच डीइंटरलेस (एक अर्धं टाकून मधल्या ओळी भरणं) फिरवला असता तर ताट सुधारलं असतं आणि चेहऱ्याची निम्मी बारकाई गेली असती.

ह्या गडबडीत एक चूक झाली. पहिला नमुना थोरल्याला दाखवला तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आई एवढी बारीक नव्हती हो तेव्हा." मी आधी मनाशी म्हटलं, दीड वर्ष आजारी आई बघून ह्यांना तसंच दिसतंय. रात्री लक्षात आलं की चूक माझीच आहे. डीव्हीचे ठिपके चौरस नसतात, थोडे आडवे असतात. ७२० ठिपक्यांचं चित्र टीव्हीवर ७६८ च्या रुंदीचं दिसतं. मी ते ताणायचंच विसरलो होतो, त्यामुळं चेहरा सहा टक्के बारीक झाला होता. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माझ्या नजरेतून ते सुटलं, पोराच्या नजरेतून नाही.

हिरवी इरकल

रंगाचं गाऱ्हाणं ताईचं. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात आईची साडी काळपट चॉकलेटी दिसत होती. ताई फोनवर म्हणाली, "ती हिरवी इरकल आहे, माझ्या लग्नासाठीच घेतलेली." दुसऱ्या दिवशी ती स्वतः साडी घेऊन आली. डांबराच्या गोळ्यांचा वास, पदर लाल-पांढरा. साडी दुकानाच्या दारात, ढगाळ उजेडात धरली, पदरातलं पांढरं आधी पांढरं केलं, मग हिरवा जुळवला. चेहऱ्याचा रंग आपोआप जागेवर आला. असा नमुना हाताशी असण्याचं भाग्य ह्या कामात क्वचित लाभतं.

कुंकू मात्र शेवटपर्यंत पूर्ण जमलं नाही. डीव्हीत उजेड-अंधाराची बारकाई जेवढी साठवतात त्याच्या पाव हिश्श्यानंच रंगाची साठवतात, आणि लाल रंगात ते सगळ्यात उघडं पडतं. ठसठशीत गोल कुंकवाच्या कडेला पायऱ्या पडल्या होत्या. रंगाचा थर वेगळा काढून तेवढाच मऊ केला. जवळून बघितलं तर अजून कळतं.

तो ठिपका

आता ज्या निर्णयाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे तो.

सरासरी काढलेलं चित्र स्वच्छ होतं, पण लहान. डोकं-खांदे धरून ५४० ओळींच्या आसपास. १२×१८ म्हणजे इंचाला तीस ठिपके. धाकट्याचा एआयचा आग्रह चालूच होता, आणि मलाही कुतूहल होतं. चेहरा सुधारणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून काढला. दोन मिनिटांत चौपट मोठा, पापणीचा केस न् केस दिसणारा फोटो. धाकटा उभ्या उभ्या म्हणाला, "हाच फायनल." थोरलाही हो म्हणाला. मीही प्रिंटला टाकणारच होतो, ताई साडी घेऊन आली म्हणून थांबलो.

ताईनं स्क्रीनकडं बघितलं. "छान आहे. कोण आहे ही?"

नंतर तिनं बोट ठेवून दाखवलं. आईच्या हनुवटीवर गोंदण होतं, हिरवट एकच ठिपका. ह्या फोटोत हनुवटी कोरी होती. पुढचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता, तो सरळ झाला होता. डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा बारीक होता, तोही सारखा झाला होता. एकेक बदल एवढासा, पण सगळे मिळून बाई दुसरीच. ते सॉफ्टवेअर ठिपक्यांत दडलेलं शोधून काढत नाही. असंख्य चेहरे बघून शिकलेलं असतं, आणि जिथं माहिती कमी पडते तिथं साधारण चेहरा कसा असतो तसा रंगवतं. साधारण चेहऱ्याला गोंदण नसतं.

मी मूळ फ्रेमी उघडल्या. आमच्या चित्रात चेहरा पदरापासून हनुवटीपर्यंत दोनशे दहा ओळींचा, म्हणजे एक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा. गोंदण तीनेक मिलिमीटरचं धरलं तर स्क्रीनवर जेमतेम तीन ठिपके. एका सुट्या फ्रेमवर बघितलं तर ते ग्रेनपेक्षा वेगळं ओळखू येत नाही. मीसुद्धा ते ग्रेन समजून पुसलं असतं. पण नऊ फ्रेमी एकामागून एक चालवल्या तर बाकीचे ठिपके मुंग्यांसारखे हलतात आणि हा एक जागचा हलत नाही. सरासरीच्या चित्रात तो स्वच्छ उरला होता, गडद, किंचित हिरवा. ताईला मॉनिटरवर मोठा करून दाखवला. ती काही बोलली नाही, नुसता हात हनुवटीला लावला, स्वतःच्या.

वाद झालाच. धाकट्याचं म्हणणं, गोंदण वरून रंगवून टाका, दात होता तसा करून टाका, त्यात काय एवढं. तांत्रिकदृष्ट्या त्याचं चूक नव्हतं. पण गोंदण आम्हाला दिसलं, दात दिसला, डोळा दिसला. न दिसलेलं किती बदललं असेल ह्याचा हिशोब कुणाकडंच नव्हता. मी दोन कागदी नमुने काढले. एक एआयचा १२×१८. दुसरा नऊ फ्रेमींचा, साध्या पद्धतीनं मोठा केलेला, पण फक्त ५×७ इंच, मॅट कागदावर, वरून हलका कृत्रिम रवा टाकलेला. इंचाला सत्त्याहत्तर ठिपके म्हणजे हातात धरून बघितलं तर मऊ वाटतो, पण तीन-चार फुटांवरून नीट दिसतो, आणि भिंतीवरचा फोटो कुणी नाक लावून बघत नाही. तो १२×१५ च्या फ्रेमीत, चारी बाजूंनी रुंद पांढरा माउंट सोडून बसवला. म्हणजे भिंतीवर आकार मोठा, फोटो छोटा. दोन्ही दुकानातल्या भिंतीला टेकवून ठेवले आणि त्यांना रस्त्याच्या कडेपर्यंत मागं जाऊन बघायला सांगितलं.

थोरल्यानं माउंटवाला उचलला.

निकाल

तेराव्याला फ्रेम वेळेत गेली. पेपरातला फोटो सगळ्यात सोपा निघाला. पासपोर्ट आकाराला ४१३ बाय ५३१ ठिपके लागतात, जवळपास तेवढेच आपल्याकडं होते, मोठा करायचा प्रश्नच आला नाही.

फ्लेक्सचं मात्र मला हवं तसं झालं नाही. मी धाकट्याला म्हटलं होतं, फोटो छोटा, गोलात ठेवा, मजकूर मोठा ठेवा. त्यानं दुसऱ्या दुकानात एआयचा चेहरा देऊन चार फुटी करून घेतला. चौकात दहा-बारा दिवस होता. गावातल्या एका म्हातारीनं थोरल्याला विचारलं म्हणे, "ही तुझी मावशी का रं?" हे मला थोरल्यानंच हसत सांगितलं. धाकटा भाऊ त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवर अजून तोच फोटो ठेवून आहे, आणि तो त्याचा हक्क आहे.

मी त्यांना पेनड्राइव्हमध्ये चार गोष्टी दिल्या: कॅसेटीची अख्खी फाइल, निवडलेल्या नऊ फ्रेमी जशाच्या तशा, तयार फोटो, आणि तीन सेकंदांचा तो शॉट वेगळा कापून, आवाजासकट. सांगितलं की हे व्हॉट्सॲपवर साधं पाठवू नका, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

परत करायचं झालं तर

एआयचा नमुना आधी दाखवणार नाही. ही माझी सगळ्यात मोठी चूक. झगझगीत चेहरा एकदा बघितला की त्यानंतरचा खरा फोटो कमीच वाटतो, आणि दुःखातल्या माणसापुढं अशी स्पर्धा मांडायला नको होती. वापरायचंच असेल तर साडी, ताट, मागचा मांडव ह्यावर वापरेन, चेहरा झाकून.

पहिल्याच दिवशी विचारेन की चेहरा कोण ओळखणार. दुकानात मुलगे येतात, पैसे तेच देतात, म्हणून होकारही त्यांचाच धरला जातो. आईच्या हनुवटीवर काय होतं ते लेकीला विचारायला हवं होतं, आणि ते काम सुरू करण्याआधी. आता मी एक छोटी वही ठेवली आहे: तीळ, गोंदण, व्रण, पडलेला दात, भांग कुठल्या बाजूला. पाच मिनिटं लागतात.

कागदी नमुना चेहरा जुळवण्याआधी काढेन. स्क्रीनवर सगळं बरं दिसतं. बारीक चेहऱ्याची चूक ५×७ च्या कागदावर मलाही दिसली असती, निदान अशी माझी समजूत.

पैशांचं कसं करायचं ते अजून सुटलेलं नाही. तेराव्याच्या फोटोला आमच्या गावात जो दर आहे तो तासाभराच्या कामाचा आहे. ह्याला माझे तीन दिवस गेले, झेरॉक्सवाल्याकडच्या दोन खेपा वेगळ्या. थोरल्यानं विचारलं तेव्हा मी नेहमीचाच दर सांगितला. दुसऱ्यांदा सांगणार नाही, असं ठरवलं होतं.

पण तेराव्याला आलेल्या भावकीनं ती फ्रेम बघितली. पुढच्याच आठवड्यात तिघेजण आले. "त्या कॅसेटीत आमचे आण्णा पण असतील बघा, आहेर घेताना." आण्णा होते. हॅलोजन बरोबर चष्म्यावर, चार फ्रेमींपुरते डोळे दिसले. दुसऱ्या एकांची आजी होती, पण पाठमोरी. तसाच काढून दिला, त्यांनी तोही नेला. झेरॉक्सवाल्याची पत्र्याची पेटी आता माझ्या मागच्या खोलीत आहे. आतापर्यंत सतरा कॅसेटी उतरवून झाल्या. बाकीच्यांच्या पट्ट्यांवरची खोडलेली नावं भिंगानं वाचत एका वहीत लिहून काढतो आहे. पीडी १७० हल्ली कॅसेट आत घेताना कुरकुरतो, त्यामुळं रोज एकच लावतो.